शीर उघडली, मग मेंदू का सुजला?

निफाड तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. थोडक्यात असं:

‘नाना ५८ वर्षांचे. पहाटे पाचला चहा घेऊन द्राक्षबागेत फवारणीला गेले, सहाच्या सुमारास गड्याला पडलेले सापडले. उजवा हातपाय गेलेला, बोलणं बंद. आधी गावात दाखवलं, मग तालुक्याला, मग नाशिकला. अकराच्या सुमारास मांडीतून तार घालून गुठळी काढली. शीर पूर्ण उघडल्याचं चित्र डॉक्टरांनी दाखवलं. संध्याकाळी नानांनी माझं बोट दाबलं, मला ओळखलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून गुंगी आली. सीटीत सूज आणि रक्ताचे ठिपके निघाले. डॉक्टर म्हणतात, रिपरफ्यूजन इन्ज्युरी. मामा म्हणतात, शीर उघडलीच नसती तर हे झालं नसतं. मामांचं बरोबर आहे का? बीपी १५० आहे तरी कमी का करत नाहीत? मेंदू वाचवायचं एखादं इंजेक्शन आहे का? ठोके अनियमित निघालेत, तर रक्त पातळ करायची गोळी कधी सुरू होणार?’

रक्त परत आल्यामुळेही मेंदूला इजा होऊ शकते (रिपरफ्यूजन इन्ज्युरी म्हणतात ती हीच), हे खरं आहे. म्हणून शीर उघडायला नको होती, हे खरं नाही. मामांची गल्लत इथे होते, आणि चांगल्या शिकल्यासवरल्या नातेवाइकांचीही इथेच होते.

आधी त्या पाच-सहा तासांत आत काय चाललं होतं ते सांगतो. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्क्यांच्या आसपास तो एकटा खातो, आणि साठा जवळपास शून्य. शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २० च्या खाली गेलं की पेशी काम बंद करते पण जिवंत राहते. १० च्या खाली गेलं की मरायला लागते. नानांची मोठी शीर बंद झाली तेव्हा मधला गाभा लवकरच गेला असणार. भोवतालचा भाग शेजारच्या बारीक शिरांच्या उसन्या रक्तावर तग धरून राहिला. संध्याकाळी तुमचं बोट ज्या पेशींनी दाबलं, त्या याच भागातल्या. शीर बंदच राहिली असती तर रात्रीपर्यंत त्याही गाभ्यात जमा झाल्या असत्या.

आता रक्त तुटलेल्या पेशीकडे बघू. इंधन संपतं, सोडियम बाहेर फेकणारे पंप थांबतात, सोडियम आत साचतं आणि त्याच्या मागोमाग पाणी शिरतं. कॅल्शियमही आत घुसतं. ग्लुटामेट नावाचं रसायन बाहेर सांडतं आणि शेजारच्या पेशींना चेतवून चेतवून मारतं. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. अशा अवस्थेत अचानक ऑक्सिजन येतो. साचलेलं सक्सिनेट भराभर जळायला लागतं, इलेक्ट्रॉन उलट्या दिशेने ढकलले जातात आणि पहिल्या काही मिनिटांतच सुपरऑक्साइडसारखे दाहक रेणू मोठ्या प्रमाणात तयार होतात. केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१४ साली हे उंदरांमध्ये दाखवलं. हे रेणू पेशीचं आवरण, प्रथिनं, डीएनए, जे समोर येईल ते जाळतात. ज्या पेशी उपाशी राहूनही वाचल्या होत्या, त्यांच्यातल्या काही अशा रीतीने जेवणाच्या पहिल्या घासाला जातात.

पण नानांच्या सीटीत दिसलेली गोष्ट याहून जास्त शिरांच्या भिंतीची आहे. मेंदूतल्या बारीक शिरांच्या भिंती एरवी इतक्या घट्ट असतात की रक्तातलं ऐरंगैरं काही मेंदूत जाऊ शकत नाही. तास-तास रक्त नसेल तर त्या भिंतींतले सांधे सैल होतात. पांढऱ्या पेशी तिथे चिकटतात आणि एमएमपी-९ नावाचं विकर सुटतं, ते भिंतीच्या पायाचा थरच कुरतडतं. शिवाय या शिरांची एक अंगभूत शिस्त असते: बीपी वाढलं की त्या आकसून आतला प्रवाह आटोक्यात ठेवतात. दुखावलेल्या भागातल्या शिरा ती शिस्त विसरतात. मग बाहेरचं बीपी थेट त्या पोखरलेल्या भिंतीवर येऊन आदळतं. आधी पाणी पाझरतं, ती सूज. भिंत जास्तच खचली असेल तर रक्तही येतं.

तुम्ही द्राक्षवाले म्हणून सांगतो. पाण्याचा ताण पडलेल्या बागेला मणी भरायच्या वेळी एकदम भरपूर पाणी सुटलं की मणी तडकतात. दोष पाण्याचा की आधीच्या ताणाचा, यावर पारावर वाद रंगेल; पण पाणी दिलंच नसतं तर बाग वाचली असती, असं कोणी म्हणणार नाही. दाखला इथवरच चालतो, कारण बागेत पाणी थोडं थोडं सोडता येतं. बंद शिरेच्या बाबतीत तशी सोय आमच्या रोजच्या उपचारात नाही.

मामांना आकडेच हवे असतील तर हे सांगा. तारेने गुठळी काढण्याच्या पाच मोठ्या चाचण्या २०१५ साली प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या १,२८७ रुग्णांचा एकत्रित हिशोब पुढच्या वर्षी मांडला गेला. तब्येत बिघडवणारा रक्तस्राव गुठळी काढलेल्यांत ४.४ टक्के, न काढलेल्यांत ४.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. आणि तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करणारे? काढलेल्यांत ४६ टक्के, न काढलेल्यांत २६.५. मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेल्या रुग्णांवर चीनमध्ये एक चाचणी झाली, २०२३ मध्ये निकाल आला. तिथे मात्र मामांच्या म्हणण्याला थोडा आधार मिळतो: गुठळी काढलेल्यांपैकी ४९ टक्क्यांच्या सीटीत काही ना काही रक्त दिसलं, न काढलेल्यांत १७ टक्के. तरीही स्वतःच्या पायावर उभे राहिलेले काढलेल्यांत ३० टक्के आणि न काढलेल्यांत साडेअकरा. रक्त जास्त दिसलं आणि माणसंही जास्त सावरली. शिवाय सुजेचं म्हणाल तर नेदरलँड्समधल्या चाचणीच्या सीटी नंतर पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा शीर नीट उघडलेल्यांत सुजेच्या दाबाने मेंदूची मधली रेघ सरकण्याचं प्रमाण कमीच निघालं. न उघडलेल्या शिरेमागचा मेंदूही सुजतोच, जास्त सुजतो.

तेव्हा इजा किती होणार, हे बऱ्याच अंशी तार आत जायच्या आधीच ठरलेलं असतं. किती वेळ गेला, गाभा केवढा होता, येताना शुगर किती होती, बीपी किती चढलं होतं. नाशिक जिल्ह्यात यातला वेळच सगळ्यात जास्त खाल्ला जातो. सुरगाणा, पेठ, कळवणकडून येणारा माणूस दोन-तीन ठिकाणी उतरून येतो, आणि त्यातल्या एका ठिकाणी सीटी मशीनसुद्धा नसतं. मध्ये कोणी तेल चोळतं, कोणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं. (हे अजून चालतं. शहरातही चालतं.) तुमच्या घरच्यांनी एक गोष्ट चांगली केली: नाना पहाटे पाचला धडधाकट होते, हे नेमकं सांगितलं. आम्ही घड्याळ तिथून लावतो, पडलेले सापडले तिथून नाही.

आता ‘रिपरफ्यूजन इन्ज्युरी’ या शिक्क्याबद्दल. प्रयोगशाळेत दोन उंदीर घेता येतात, एकाची शीर उघडायची, दुसऱ्याची नाही, आणि फरक मोजायचा. नाना एकच आहेत. त्यांच्या सुजेतला कुठला भाग आधीच्या उपासमारीचा आणि कुठला रक्त परतल्याचा, हे कुठलाही सीटी वाटे पाडून सांगत नाही. म्हणून हा शब्द ऐकल्यावर तपास संपला असं समजू नये. शीर उघडल्यावर दुसऱ्या दिवशी गुंगी येण्याची इतरही कारणं आहेत. तीच शीर पुन्हा बंद होणं, अंग न हलवता आलेली फिट, ताप, छातीत कफ साचून ऑक्सिजन उतरणं, सोडियम किंवा शुगर बिघडणं, बीपी जास्तच पडणं. यातली बरीच औषधाने सुधारणारी आहेत. ‘शिरेची पुन्हा तपासणी झाली का, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) करायची गरज वाटते का,’ एवढं नम्रपणे विचारायला हरकत नाही. कोणी रागावणार नाही.

एक उलटी शक्यताही असते. मोठी शीर उघडते, चित्रात झकास दिसते, पण पुढच्या केसासारख्या बारीक शिरा बंदच राहतात. त्यांच्याभोवतीच्या पेशी आवळून बसलेल्या असतात, आत पांढऱ्या पेशी अडकलेल्या असतात. १९६८ साली सशांवरच्या प्रयोगात हे पहिल्यांदा नीट नोंदलं गेलं. गुठळी काढल्यावर शिरेतच थोडं गुठळी विरघळवणारं औषध सोडून बघावं, अशा चाचण्या गेल्या काही वर्षांत झाल्या. २०२२ मधल्या स्पेनच्या छोट्या चाचणीने आशा दाखवली, नंतरचे निकाल संमिश्र आहेत. नानांसाठी ती वेळ आता गेलेली आहे, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

सीटीतल्या ठिपक्यांकडे येऊ, कारण घाबरायचं किती ते तिथे ठरतं. गुठळी काढताना शिरेत डाय सोडतात. भिंत सैल झालेली असली की तो डाय मेंदूत पाझरतो आणि लगेचच्या सीटीत पांढराफटक दिसतो, अगदी रक्तासारखा. डाय एक-दोन दिवसांत विरतो, रक्त विरत नाही; काही ठिकाणी दुहेरी ऊर्जेचा सीटी करून तेव्हाच फरक सांगता येतो. तुमचा सीटी दुसऱ्या दिवसाचा आहे, तेव्हा ते रक्त असण्याचीच शक्यता जास्त, पण डॉक्टरांना विचारून घ्या. रक्त असेल तर प्रश्न असा: ठिपके आहेत की गोळा? मेलेल्या भागाच्या काठाने बारीक ठिपके असणं वेगळं. ते अनेकदा शीर उघडल्याचीच खूण असतात आणि स्वतःहून फारसं नुकसान करत नाहीत. गोळा झाला, तो मेलेल्या भागाच्या ३० टक्क्यांहून मोठा असला आणि आजूबाजूला दाबत असला, तर ते गंभीर. तुम्ही ‘ठिपके’ लिहिलंय; रिपोर्टमध्येही तोच अर्थ असेल तर गुंगीचं कारण ठिपके नसून सूज असण्याची शक्यता मला जास्त वाटते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी दिलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्या इंजेक्शनाने रक्तस्रावाची शक्यता वाढते: १९९५ च्या पहिल्या मोठ्या चाचणीत औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ०.६. तरीही एकूण फायदा औषधाच्याच बाजूने होता, म्हणून ते आजही देतात.

बीपी. माझ्याकडे सगळ्यात जास्त वाद याच आकड्यावरून होतात. शेजारच्या खाटेवरच्या मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचं बीपी १४० च्या खाली आणतात, आणि आपल्या माणसाचं १५० असूनही सिस्टर नुसती लिहून जाते, हे बघून घरच्यांचा जीव वर-खाली होतो. पोखरलेल्या भिंतीचा विचार केला तर बीपी जितकं कमी तितकं बरं, असं कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटायचं, म्हणून तशा चाचण्या झाल्या. चीनमध्ये शीर उघडल्यावर वरचं बीपी १२० च्या खाली ठेवून बघितलं. १४० ते १८० ठेवलेल्यांपेक्षा या रुग्णांचं अपंगत्व वाढलं आणि २०२२ मध्ये चाचणी मध्येच थांबवावी लागली. दक्षिण कोरियात त्याहून मवाळ, १४० च्या खाली ठेवून बघितलं. तीही थांबवली. सावरलेल्यांचं प्रमाण कमी बीपीच्या गटात ३९ टक्के, १४० ते १८० च्या गटात ५४. कारण वर आलेलंच आहे: बारीक शिरा पूर्ण उघडलेल्या नसतात, त्यांच्यापर्यंत रक्त ढकलायला थोडा जोर लागतो. म्हणून पहिल्या चोवीस तासांत १८०/१०५ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि औषधाने फार खालीही आणायचं नाही. विरघळवणाऱ्या इंजेक्शनानंतर पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बीपी बघतात, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तास होईपर्यंत दर तासाने. नानांचं १५० ठीक आहे. ठिपक्यांऐवजी गोळा निघाला तर डॉक्टर वरची मर्यादा खाली आणतील.

या निमित्ताने एक सांगून ठेवतो, पुढे घरात कोणाला झटका आला तर उपयोगी पडेल. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली टाकायची सवय अजून गेलेली नाही. बीपी धाडकन पडतं आणि उसन्या रक्तावर जगणारा भाग तिथल्या तिथे जातो. वाटेत बीपीला हात न लावता १०८ ला फोन करून सीटी असलेलं ठिकाण गाठणं केव्हाही बरं.

नानांना आता मुंबईला हलवावं का, हे तुम्ही विचारलं नाही, पण मामा विचारतील. ज्या दिवसांत सूज चढतेय त्या दिवसांत कसारा घाट उतरून नेणं मला पटत नाही, जोपर्यंत नाशिकमध्ये आयसीयू, सीटी आणि न्यूरोसर्जन एका छताखाली आहेत.

सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत जास्त असते. झोपेतून उठवायला अवघड जाऊ लागणं, डाव्या डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, उलट्या: यातलं काहीही झालं तर सकाळच्या राउंडची वाट बघू नका. मेंदूतलं पाणी ओढून घेणाऱ्या मॅनिटॉलने किंवा तीन टक्के सलाइनने वेळ मिळतो. स्टेरॉइडचा या सुजेवर उपयोग नाही. तरीही दाब वाढला तर कवटीचं हाड काही महिन्यांसाठी काढून ठेवायचं ऑपरेशन सुचवतील. ऐकून हादरायला होतं. साठ वर्षांच्या आतल्या, मेंदूचा मोठा भाग गेलेल्या रुग्णांत पहिल्या ४८ तासांत हे केलं तर वर्षभराने जिवंत असलेले ७८ टक्के, न केलेल्यांत २९ टक्के, असं युरोपातल्या तीन चाचण्यांच्या २००७ मधल्या एकत्रित निकालात दिसलं. बोलणं गेलेल्या रुग्णांतही फायदा होता. पण वाचलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पुढे रोजच्या कामात मदत लागली. घरच्यांनी याचा विचार आजच करून ठेवावा. रात्री दोनला सही मागतील तेव्हा सगळ्या भावकीला फोन लावायला वेळ नसतो.

इंजेक्शनांचं मी जरा रोखठोक लिहितो. वर सांगितलेले दाहक रेणू पकडणारं औषध देऊन इजा टाळता येईल, ही कल्पना सुंदर आहे आणि उंदरांत ती बऱ्याचदा यशस्वी होते. एनएक्सवाय-०५९ नावाचं तसं औषध २००७ साली तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत फसलं. मेंदू वाचवण्यासाठीचं दुसरं एक औषध, नेरिनेटाइड, २०२० मध्ये फसलं. आपल्याकडे सर्रास लिहिल्या जाणाऱ्या सिटिकोलीनची २०१२ मधली मोठी चाचणी झाली, फायदा दिसला नाही. एडारावोनला जपानने २००१ मध्ये मान्यता दिली, ते आपल्याकडेही मिळतं. चीनमध्ये त्याचं दुसऱ्या द्रव्यासोबतचं मिश्रण एका चाचणीत थोडं उपयोगी ठरलं. डॉक्टरांनी ते आधीच सुरू केलं असेल आणि किडनी ठीक असेल तर मी बंद करा म्हणणार नाही. सुरू केलं नसेल तर मागू नका, आणि त्यासाठी उसनवारी तर अजिबात करू नका. तेच पैसे पुढे फिजिओथेरपीला आणि बोलणं परत शिकवणाऱ्या थेरपिस्टला लागणार आहेत. आत्ता मेंदू वाचवणाऱ्या गोष्टी कंटाळवाण्या आहेत: ताप ३८ सेल्सिअसच्या वर न जाऊ देणं, शुगर १४० ते १८० मध्ये ठेवणं, ऑक्सिजन, डोक्याची बाजू थोडी उंच, आणि गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. गावाहून आलेल्या आत्या चमच्याने चहा पाजतील, त्यांना आवरा. तो चहा फुप्फुसात गेला की न्यूमोनिया होतो.

रक्त पातळ करायची गोळी. नानांचे ठोके अनियमित आहेत, म्हणजे गुठळी हृदयातून गेली असणार आणि गोळी लागणारच. पूर्वी मोठ्या झटक्यानंतर दोन आठवडे थांबायची पद्धत होती. २०२३ च्या एका चाचणीत लहान आणि मध्यम झटक्यात ४८ तासांत, मोठ्या झटक्यात सहाव्या-सातव्या दिवशी नव्या गोळ्या सुरू केल्या, आणि रक्तस्राव वाढला नाही. नानांच्या मेंदूत ठिपके आणि सूज दोन्ही आहेत, म्हणून मी त्यांना ‘मोठा झटका’ धरेन, सहाव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास सीटी पुन्हा करेन आणि ठिपके वाढलेले नसतील, सूज उतरणीला लागली असेल, तरच गोळीचा विचार करेन. गोळा निघाला असेल तर त्याहून उशिरा. तोवर पडून राहिल्यामुळे पायांत गुठळी व्हायची भीती असते. त्यासाठी दोन्ही पायांना आलटून पालटून दाब देणारं हवेचं मशीन मिळतं, त्याने रक्तस्राव वाढत नाही. ते नानांच्या पायांना लावलंय का आणि चालू आहे का, ते आजच बघून घ्या.